खाटेचं भाडं मिळतं, हात मात्र फुकट

हुरड्याच्या मोसमात शहरातली मंडळी शेतावर जाण्याआधी माणशी दर विचारतात, आगाऊ पैसे भरतात आणि पोटभर खाऊन परततात. तिथे कोणी घासाघीस करत नाही. तीच मंडळी परतीच्या वाटेवर एखाद्या विणकराच्या दारात थांबली की पाऊण तास माग बघतात, व्हिडिओ काढतात, पदराची किंमत ऐकून एकमेकांकडे बघतात आणि 'छान आहे हो तुमचं काम' म्हणून गाडीत बसतात. शेतकऱ्याला त्याच्या दिवसाचे पैसे मिळालेले असतात. विणकराचा पाऊण तास गेलेला असतो आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही.

ग्रामीण पर्यटनाच्या चर्चेत रस्ते, खोल्या, प्रसिद्धी आणि महोत्सव यांबद्दल भरपूर बोललं जातं. या फरकाबद्दल कोणी बोलत नाही. गावात येणारा पाहुणा जे बघायला येतो ते कारागिराचं कसब असतं आणि ते दाखवायला लागणारा त्याचा वेळ. दर लागतो तो मात्र खोलीला, थाळीला आणि गाडीला. कसबाला आणि वेळेला वेगळा, उघड दर लागला पाहिजे आणि तो ठरवण्याचा अधिकार कारागिराकडे पाहिजे. ते होत नाही तोवर 'गावाचं पर्यटन' म्हणजे गावातल्या चार मोठ्या घरांचं पर्यटन.

चार मोठी घरं असं म्हणण्यामागे कारण आहे. होमस्टेला मान्यता हवी तर पक्की खोली लागते, शक्यतो खोलीला लागून शौचालय लागतं, गाडी उभी करायला जागा लागते. कृषी पर्यटन केंद्राला तर मुळात शेतजमीनच लागते. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि शेतकऱ्याला जोडधंदा मिळाला, हे चांगलंच झालं. पण घोंगडी विणणारा सनगर, चपला शिवणारा कारागीर, बुरूडकाम करणारं कुटुंब यांच्यापैकी कितीजणांकडे पाहुण्यासाठी राखून ठेवायला एक जादा खोली असते? दोन खोल्यांच्या घरातली एक खोली मागानेच अडवलेली असते. चर्मकारांची वस्ती बहुतेक गावांत आजही कडेला आहे आणि पाहुण्यांची गाडी तिथवर जातच नाही. मग पाहुणा मोठ्या घरात उतरतो, तिथेच जेवतो, पैसे तिथेच देतो. कारागिराकडे त्याला 'फिरवून आणतात'. पॅकेजच्या पत्रकात 'स्थानिक कारागिरांची भेट' अशी एक ओळ असते, तिच्यापुढे रक्कम नसते.

ज्याच्याकडे खोली आहे त्याने खोली भाड्याने द्यावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्याकडे खोली नाही, हात आहेत, त्याला त्याच हातांचे पैसे मिळवून देणारी व्यवस्था आपण केलेली नाही. ग्रामीण पर्यटनाने जातीची आणि जमिनीची जुनी वाटणी जशीच्या तशी उचलली आणि तिच्यावर 'अस्सल गावजीवन' अशी पाटी लावली.

पाहण्यात कसलं आलंय नुकसान, असं वाटत असेल तर काम कसं चालतं ते जरा जवळून बघायला हवं. येवल्याच्या हातमागावर पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाच्या तुकड्यासाठी बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, वेगळी तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी काडी) असते. मोराचा पदर असेल तर एका ओळीत अशा अनेक तिल्ल्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, लोंबत असतात. विणकर ताण्याचे धागे नजरेने मोजतो, एका रंगाची तिल्ली ठरलेल्या धाग्यापर्यंत नेतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि मागे फिरवतो. त्यामुळेच अस्सल पैठणीचा पदर मागून पुढून सारखा दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागच्या बाजूला मोकळे किंवा कापलेले धागे सापडतात. ओळ अर्धी असताना कोणी प्रश्न विचारला, विणकर मान वर करून उत्तर देत बसला आणि मोजणी एका धाग्याने चुकली, तर ते लगेच कळत नाही. दोन-चार ओळींनंतर मोराची मान वाकडी दिसायला लागते आणि मग तेवढं सगळं उसवावं लागतं. बारीक कामाचा पदर दिवसभरात थोडाच पुढे सरकतो, त्यात तासाभराची उसवण म्हणजे दिवसाच्या कमाईला मोठा खड्डा. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट उजेडाची. माग सहसा खिडकीच्या किंवा दाराच्या उजेडाकडे तोंड करून लावलेला असतो. पाहुण्यांना दिसावं म्हणून दहाजण नेमके त्याच उजेडात उभे राहतात. दहा बाय बाराच्या खोलीत माग, रहाट आणि माणूस धरून सहापेक्षा जास्त पाहुणे मावत नाहीत. मावले तरी काम चालत नाही.

घोंगडीचं गणित वेगळं. लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचे, शिजवायचे आणि ती खळ ताणून धरलेल्या ताण्यावर कुंच्याने फिरवायची. हे काम उघड्यावर होतं, ऊन धरून होतं आणि एकदा हात घातला की अर्ध्यावर सोडता येत नाही. खळ मध्येच वाळली तर धागे एकमेकांना चिकटतात, ताणा जागोजागी कडक होतो आणि विणताना तिथेच तुटतो. दुपारी दोन वाजता आलेल्या पाहुण्याने 'आम्हाला खळ लावताना दाखवा ना' म्हणणं म्हणजे सुगरणीला जेवणं आटोपल्यावर पुन्हा कणीक मळायला लावण्यासारखं आहे. ती दाखवेलही. पण त्याची किंमत कोणी दिली?

कच्छमधला अजरख, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं कापड, हे तर गैरसमजाचं मोठं उदाहरण. पाहुण्याला ठसा मारायची हौस असते, म्हणून रुमालावर चार ठसे मारण्याची अर्ध्या तासाची 'कार्यशाळा' सगळीकडे निघाली आहे. अजरखात ठसा मारणं हा एक भाग झाला. आधी कापड एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्यांच्या मिश्रणात मुरवायचं, वाळवायचं, धुवायचं. मग हिरड्याच्या पाण्यातून काढायचं. पांढरं राहायला हवं तिथे चुना आणि डिंकाचा ठसा. काळ्यासाठी गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून केलेला रंग. लाल हवा तिथे तुरटी. मग निळीचं पिंप, मग वाहत्या पाण्यात धुणं, मग मंजिष्ठेचा किंवा अलिझरिनचा उकळता रंग. चौदा-सोळा टप्पे सहज होतात आणि त्यातले निम्मे पाण्याचे. २००१ च्या भूकंपानंतर धमडका या अजरखच्या जुन्या गावातल्या पाण्यातलं लोहाचं प्रमाण वाढलं, रंग बिघडू लागले, तेव्हा हे काम करणाऱ्या खत्री कुटुंबांपैकी बऱ्याच जणांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. एका कलेने पाण्यासाठी गाव बदललं! अशा गावाच्या शेजारी पर्यटनाच्या नावाखाली तरणतलावाचं रिसॉर्ट उभं राहिलं आणि त्याने दोन बोअर मारल्या, तर तो विकास कोणाचा? या गावात पाहुण्याला दाखवायचंच असेल तर आंबलेल्या लोखंडाचं पिंप दाखवावं, त्याचा वास घेऊ द्यावा, धुण्याच्या टाकीपाशी उभं करावं. त्याला अर्धा दिवस लागतो. अर्ध्या दिवसाचे पैसे घ्यावेत.

आता पुन्हा हुरड्याकडे येऊ, कारण शिकायचं तिथून आहे. ज्वारीचा दाणा चिकाच्या अवस्थेतून पुढे गेलेला पण अजून मऊ असतो, तेव्हाच हुरडा होतो. एका पट्ट्यात ही अवस्था जेमतेम आठवडाभर टिकते. म्हणून हुरड्यावर धंदा करणारा शेतकरी एकदम पेरत नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतराने पट्टे पाडून पेरतो, म्हणजे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कोणतं ना कोणतं शेत हाताशी येतं. गूळभेंडी, सुरती अशी खास हुरड्याची वाणं निवडतो. गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं निखाऱ्याच्या राखेत खुपसायची, गरम असतानाच चोळायची, सुपात पाखडायची. दहा-बारा पाहुण्यांमागे भाजायला एक आणि चोळायला दोन माणसं लागतात. हे सगळं मोजून, पीक विकण्याऐवजी हुरडा खायला घातल्याचा तोटा त्यात धरून माणशी दर ठरतो. किती माणसं घ्यायची, कोणत्या तारखेला नाही म्हणायचं, हे शेतकरीच ठरवतो, कारण कणसं त्याच्या हातात आहेत. पाहुण्यालाही त्यात काही गैर वाटत नाही. हुरड्याला शेतकरी दर सांगू शकतो, मग मागावरचा माणूस का नाही?

दर काढायची रीत अवघड नाही. पुढचे आकडे केवळ उदाहरणापुरते धरावेत. समजा कुशल विणकराचा दिवस ८०० रुपयांचा आहे आणि तो आठ तास काम करतो. म्हणजे तास १०० रुपयांचा. एक तास दाखवायचं तर आधी वीस मिनिटं आवराआवर आणि काम योग्य टप्प्यावर आणून थांबवणं, नंतर हात परत बसायला किमान चाळीस मिनिटं. झाले दोन तास, २०० रुपये. पाहुण्याला हात लावून बघायला वेगळा तुकडा, सूत, रंग यांचे १५० रुपये. चुकीची आणि उसवणीची जोखीम ५० रुपये. इथपर्यंत ४०० रुपये म्हणजे नुसती झीज भरून निघाली, मिळकत शून्य. समजावून सांगणं हेही एक कसब आहे. त्याचे निदान तेवढेच धरले तर सहाजणांच्या गटाला ८०० रुपये होतात. माणशी सव्वाशे-दीडशे. महामार्गावरच्या हॉटेलात नाश्ता करणाऱ्याला हा आकडा जड जाऊ नये. तीन तास बसून स्वतः काही करून बघायचं असेल तर गट चारचा करावा आणि माणशी दर तिप्पट-चौपट असावा, कारण नवशिक्याच्या हातून माल वाया जातोच.

कारागिराच्या दिवसाला किंमत असते हे सरकारने स्वतः मान्य केलेलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार, चर्मकार, टोपल्या-चटया विणणारे अशा अठरा व्यवसायांतल्या कारागिरांना प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन दिलं जातं. शिकायला बसला तर ५०० रुपये, आणि तोच माणूस वीस पाहुण्यांना शिकवायला बसला तर चहासुद्धा त्याच्याच घरचा. हातमाग विणकर तर त्या अठरा व्यवसायांत नाहीतच, पण तो विषय वेगळा.

पाहणीचे पैसे खरेदीतून वजा करण्याची एक पद्धत काहीजण सुचवतात. ती वरवर आकर्षक दिसते, म्हणून तिचा तोटा सांगायला हवा. पैसे वजा होणार म्हटलं की पाहुणा ते वसूल होईल एवढीच वस्तू शोधतो. कारागिरालाही मग दोनशे-तीनशे रुपयांच्या वस्तू समोर ठेवाव्या लागतात. किल्लीच्या साखळ्या, फ्रिजवर चिकटवायची चित्रं, मोबाइलची कव्हरं. घरातला पोरगा तेच करायला शिकतो, कारण त्याला लगेच पैसे मिळतात. पाच-दहा वर्षांत मोठं काम करणारा हात घरात उरत नाही. पाहणी वेगळी, विक्री वेगळी. कोणी काही विकत न घेता गेला तरी कारागिराचं तोंड उतरू नये, पाहुण्यालाही ओशाळं वाटू नये, यासाठीच तर दर लावायचा.

घासाघिशीचा मुद्दा इथेच उरकून टाकू. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने कोल्हापुरी चपलेच्या धर्तीची पादत्राणं दाखवली आणि श्रेय दिलं नाही, तेव्हा महाराष्ट्र खवळला. खवळणं रास्तच होतं. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. पण बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेल्या जोडाला 'तीनशेत द्या, दोन जोड घेतो' म्हणणारी माणसं मिलानहून आलेली नसतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप भावनेचा: अतिथीकडून बघण्याचे पैसे घ्यायचे? गावाचं आदरातिथ्य विकायला काढायचं? चहा-पाणी हे आदरातिथ्य. ते फुकट असावं आणि असतंही. काम हे काम आहे. गावाने कामाचा मोबदला ठरवण्यात कधी संकोच केलेला नाही. कीर्तनकाराला बिदागी असते, गोंधळ्याला दक्षिणा असते, सुतार-लोहार-कुंभार यांना वर्षाच्या कामापोटी धान्याचा वाटा ठरलेला असे. बलुत्यात जात होती, मुजोरी होती, ते कोणालाही परत नको आहे. पण कारागिराचं काम फुकट बघायला मिळावं ही अपेक्षा परंपरेतून आलेली नाही. ती गाडीतून उतरणाऱ्यांनी आणली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पैसे घेतले की सगळ्याचा खेळ होतो, अस्सलपणा जातो. यात तथ्य आहे आणि ओडिशातल्या रघुराजपूरसारखी गावं बघताना हा प्रश्न पडतोच. पुरीजवळचं हे पटचित्रकारांचं गाव २०००च्या सुमारास वारसा गाव म्हणून पुढे आलं, घराघरांच्या भिंती रंगल्या, ओसरीवर चित्रं मांडली गेली. गावाला उत्पन्न मिळालं, नाव मिळालं, आणि ओसरीचं दुकानही झालं. पण असं का होतं ते बघितलं पाहिजे. पाहणी फुकट असते तेव्हा कारागिराचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे आलेल्या माणसाला काहीतरी विकणं. म्हणून तो पाहणी आटोपती घेतो, पाच मिनिटांचं ठरावीक बोलतो आणि वस्तूंकडे वळवतो. गाडीचा चालक किंवा गाईड टक्केवारी घेत असेल तर घाई आणखी वाढते. खेळ होतो तो फुकटेपणामुळे. दाखवण्याचेच पैसे मिळाले तर चिंचोक्याच्या डिंकाने कापडाचे थर चिकटवून, खडूची भुकटी चढवून, दगडाने घासून पट कसा तयार होतो ते निवांत दाखवायला त्याला परवडतं.

तिसरा आक्षेप: शाळा, विद्यार्थी, शेजारच्या गावची माणसं यांनी काय करायचं? त्यांना सूट असावी. कोणाला द्यायची ते कारागीर ठरवेल, टूर कंपनी नाही.

काही गोष्टींना मात्र दरच नसावा, कारण त्या विकायच्या नाहीत. वारली लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते आणि तो लिहिण्याचा मान सवासिणींचा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच चित्रभाषा कागदावर आणि कापडावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावरची वारली विकायची, शिकवायची, तिची कार्यशाळा घ्यायची, यात कसलीच अडचण नाही. तिथे फक्त खरं सांगावं: कापडावर नुसतं तांदळाचं पीठ टिकत नाही, वाळलं की पापुद्रे सुटतात, म्हणून डिंक घालावा लागतो, आणि बाजारातल्या बऱ्याच चित्रांत पांढरा तयार रंग असतो. पण लग्न नसताना लग्नाचा चौक लिहून दाखवा, भाताचा हंगाम नसताना तारपा वाजवून दाखवा, बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातली सोंगं शनिवारी दुपारी अंगणात नाचवा, अशा मागण्या आल्या तर गावाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. अंदमानातल्या जारवा स्त्रियांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत जानेवारी २०१२ मध्ये जगासमोर आली. ते टोकाचं उदाहरण आहे हे मान्य. पण नकार देण्याची ताकद ज्याच्याकडे नाही त्याचं पर्यटन कुठवर घसरू शकतं, हे तिथे दिसलं.

ही ताकद कायद्याने काही गावांना दिलेली आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासीबहुल भागातल्या, ग्रामसभेला आपल्या चालीरीती, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार आहे. डहाणू, जव्हार, मोखाडा, अकोले तालुक्यातला आदिवासी पट्टा, गडचिरोलीचा मोठा भाग हे सगळं त्यात येतं. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या बाजूला रात्री गाड्यांची रांग लागते. काजवा उजेडाच्या भाषेत जोडीदार शोधतो, त्याला हेडलाइट आणि मोबाइलच्या बॅटऱ्या आंधळं करतात. हे दिवस म्हणजे मे अखेर ते जून, नेमकी भाताच्या रोपांची घाई. किती गाड्या, किती वाजेपर्यंत, कुठे थांबवायच्या, हे त्या गावांच्या ग्रामसभांनी ठरवावं आणि वनखात्याने त्यांच्या मागे उभं राहावं. उलट क्रमाने चाललं की गावाच्या वाट्याला फक्त वाहनतळाच्या पावत्या फाडण्याचं काम येतं.

पाण्याचा आणि शौचालयाचा हिशेब कोणाला रोचक वाटत नाही, म्हणून तोच चुकतो. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. शहरातला पाहुणा अंघोळ, शौचालय, कपडे धरून दीडशे लिटर सहज वापरतो. वीस पाहुणे म्हणजे रोजचे ३,००० लिटर, गावातल्या चौपन्न-पंचावन्न माणसांचा वाटा. गावातली बहुतेक शौचालयं दोन शोषखड्ड्यांची, पाच-सहा माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेली असतात. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा, तोवर पहिल्यातल्या मैल्याचं खत व्हायचं, अशी ती रचना. दर शनिवार-रविवारी बारा पाहुणे आले आणि घरच्यांनी लाजेखातर रोज ॲसिड-फिनाईल ओतलं, तर मैला कुजवणारे जिवाणू मरतात, पाणी मुरायला वेळ मिळत नाही, खड्डा पावसाळ्यात उफाळतो आणि जवळच्या विहिरीचं पाणी बिघडतं. बारा पाहुण्यांना वेगळी टाकी हवी, नाहीतर सहाच घ्यावेत. कार्यशाळेच्या मार्गाने पैसे कमवणाऱ्या गावाला हे ओझं कमी होतं, हाही दिवसाच्या पाहुण्याचा एक फायदा. तो शिकतो, जेवतो, पैसे देतो आणि संध्याकाळी जातो.

जेवणाचंही असंच. बारा पाहुण्यांना माणशी अडीच भाकऱ्या धरल्या तर तीस भाकऱ्या, सुमारे तीन किलो पीठ, चुलीपुढे सव्वा ते दीड तास. त्याआधी सरपण, पाणी, भाजी, नंतर भांडी. हे सगळं घरातली बाई करते आणि पैसे जमा होतात घरधन्याच्या खात्यावर, तेही कंपनीने महिनाअखेरीस हिशेब केला तर. रक्कम स्वयंपाक करणारीच्या किंवा तिच्या बचत गटाच्या खात्यावर त्याच दिवशी जावी, निम्मी आगाऊ यावी आणि तीन दिवसांच्या आत रद्द केलं तर आगाऊ रक्कम परत मिळू नये. कारण भाजी, दूध, कोंबडी आधीच आलेली असते आणि आठवड्याचा बाजार पुन्हा आठवड्यानेच भरतो.

हे सगळं हवेतलं वाटू नये म्हणून कच्छच्या बन्नी या गवताळ भागातल्या होडका गावाचं नाव घ्यायला हवं. तिथलं निवासी केंद्र गावाची समिती चालवते. भुंगे, म्हणजे मातीच्या गोल झोपड्या, स्थानिक पद्धतीने बांधलेले, भरतकाम करणाऱ्या बायका गावातल्याच, आणि पाहुण्यांचा काळ मुख्यतः हिवाळ्यातला. उन्हाळ्यात बन्नी तापते तेव्हा पाहुणे नकोत, हे गाव स्वतः म्हणू शकतं. पर्यटन मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी देशभर काही गावं निवडून हा प्रयोग केला होता. त्यातल्या काही ठिकाणी इमारती तेवढ्या उरल्या. इमारत बांधणं सोपं असतं, त्याला निविदा काढता येते. रोजचा दर कोण ठरवणार आणि पैसे कोणाच्या हातात पडणार, याची निविदा निघत नाही.

महाराष्ट्रात हे सुरू करायला नवं महामंडळ नको, नवा लोगो तर अजिबात नको. पर्यटन संचालनालयाने नोंदणी देताना एक अट घालावी: पॅकेजमध्ये कारागिराची भेट असेल तर त्याच्या वेळेची रक्कम पत्रकात वेगळी छापावी आणि ती थेट त्याच्या खात्यात द्यावी. बाकीचं गावात होऊ शकतं. पाहुण्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दरपत्रक ठेवावं. कोणत्या घरात काय बघायला मिळेल, गट किती जणांचा, कोणत्या महिन्यात बंद, फोटोला कुठे परवानगी आणि कुठे नाही, एवढंच त्यात असावं. दर प्रत्येक कारागिराने आपापला लिहावा, सभेने तो कमी करू नये. कडेच्या वस्तीतल्या घरांची नावं यादीत वर असावीत, म्हणजे गाडी आधी तिकडे वळेल. जमलेल्या रकमेतला दहावा हिस्सा पाण्याच्या टाकीला आणि कचऱ्याला जावा. हंगाम संपला की १ मेच्या सभेत कोणाच्या खात्यात किती आले ते घरवार वाचून दाखवावं. ज्या घरी एकही गट गेला नाही त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत पहिलं लिहावं.